माझी 'भट्टी' निघाली चार दिवसांची

जुन्या हवामानाचे आकडे दाखवणारं एक ॲप महिनाभर वापरतोय. डाउनलोड केलं ते भावाशी वाद झाला म्हणून, तो म्हणे आपण शाळेत असताना सुट्टीत एवढं उकडायचंच नाही आणि मी म्हणत होतो की 1995 चा उन्हाळा म्हणजे नुसती भट्टी होती. तारीख टाकली की कमाल-किमान तापमान, पाऊस, वारा सगळं ग्राफमध्ये येतं, अगदी 1940 पासून. तर माझी भट्टी म्हणजे सलग चारच दिवस निघाले, बाकी महिना नॉर्मल! डोक्यात तेवढेच राहिले बहुतेक. भावाचंही अर्धंच बरोबर, दुपारचे आकडे फार वेगळे नाहीत, रात्री मात्र तेव्हा खरंच गार होत्या. (आणि तेव्हा दुपारभर उन्हात खेळायचो, आता एसीतून बाहेर पडलं की चटका बसतो, हे कुठल्या ग्राफमध्ये येणार?)

एक गोष्ट खटकली. ॲप 'नोंद' म्हणतं पण मागे डेटा ईआरए-5 चा आहे, म्हणजे जुनी निरीक्षणं कॉम्प्युटर मॉडेलमध्ये घालून काढलेला अंदाज, तोही साधारण 31 किमीच्या चौकोनाचा. डोंगर किंवा समुद्र जवळ असेल तर आकडा इकडेतिकडे होणारच, हे ठळक लिहायला हवं होतं ना. शिवाय तुलना 1991-2020 च्या सरासरीशी, म्हणजे आधीच तापलेल्या काळाशी, त्यामुळे जुने उन्हाळे उगाच जास्त गारेगार दिसतात.

5 पैकी 4. भावाने अजून मान्य केलेलं नाही.