अठरा महिने आणि आठ झुडपे: बारमाही बागेसाठी केलेल्या निवडीचा अनुभव

अठरा महिन्यांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी घरासमोरच्या तीस फूट लांब पट्ट्यात सात शोभेची झुडपे लावली. कुंती, तगर, एक्झोरा, जास्वंद, दुरंता आणि क्रोटन ही सहा एकाच दिवशी रोपवाटिकेतून आणली, तर पॉइन्सेटियाची रुजवलेली फांदी एका परिचितांनी दिली. वर्षातल्या कोणत्याही महिन्यात फाटकातून आत येताना पाहण्याजोगे काही असावे, एवढीच अपेक्षा होती. आता दोन पावसाळे, एक पूर्ण हिवाळा आणि एक कडक उन्हाळा पाहून झाल्यावर, माझ्यासारख्याच उष्ण आणि दंव न पडणाऱ्या हवामानात बाग करणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक निवडीतच झाली होती. रोपवाटिकेत जे रोप बहरात असते तेच नजरेत भरते, त्यामुळे एकाच दिवशी आणलेली झुडपे साहजिकच एकाच सुमारास फुलणारी निघाली. पहिल्या पावसाळ्यात पट्टा भरून गेला आणि पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी क्रोटन वगळता तेथे हिरव्या रंगापलीकडे फारसे काही उरले नाही. तेव्हापासून मी दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक झुडपापुढे फूल, पान आणि फळ अशा तीन नोंदी ठेवू लागलो. झुडूप फुलावर नसतानाही चांगले दिसते का, हा प्रश्न निवडीच्या वेळी सर्वांत आधी विचारायला हवा, हे मला या वहीने शिकवले.

या कसोटीवर कुंती सर्वांत खरी उतरली. तिचे फूल वर्षभराचे नाही. पाऊस झाला किंवा ताणानंतर भरपूर पाणी मिळाले की सारे झुडूप एकदम पांढरे होते, संध्याकाळी सुगंध दारापर्यंत येतो आणि दोन-तीन दिवसांत पाकळ्यांचा सडा पडून बहर संपतो. माझ्या वहीत असे सहा बहर नोंदलेले आहेत, म्हणजे अठरा महिन्यांत जेमतेम वीस दिवस. उरलेले सर्व दिवस ती गडद, चकचकीत आणि दाट पानांवर उभी असते. तिचे पान उजेडासमोर धरले तर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी असून लिंबाच्या पानातही त्या तशाच असतात, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. बहरानंतर येणारी शेंदरी-लाल फळे बुलबुल टिपून नेतात. एकच झुडूप लावण्याइतकी जागा असणाऱ्याला मी निःशंकपणे कुंती सुचवेन.

दुरंत्याच्या बाबतीत दोष झुडपाचा नव्हता, कात्रीचा होता. नेटकी गोल आकृती राहावी म्हणून मी ते दर महिन्याला कापून घेत असे आणि पहिल्या वर्षभरात त्याला एकही फूल आले नाही. दुरंत्याची फुले फांद्यांच्या टोकांवर येतात आणि आम्ही नेमकी तीच टोके कापत होतो. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी कात्री बाजूला ठेवली, तशा फांद्या कमानीसारख्या झुकल्या, निळसर-जांभळे तुरे आले आणि आता त्यांच्या जागी सोनेरी मण्यांसारख्या फळांचे घोस लोंबत आहेत. ही फळे विषारी असतात, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरी याचा विचार आधीच करावा. जास्वंदीचे मात्र याच्या उलट आहे: तिची फुले नव्या फुटव्यावर येत असल्याने छाटणी तिला मानवते. पिठ्या ढेकणाचा त्रास दोनदा झाला, पण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो आटोक्यात राहिला.

एक्झोरा जवळजवळ वर्षभर फुलतो ही त्याची ख्याती खरी आहे, पण जमिनीच्या बाबतीत तो फार काटेकोर आहे. माझे झुडूप भिंतीला लागून होते आणि तेथील मातीत जुन्या बांधकामाचा चुना मिसळलेला होता. चौथ्या महिन्यात कोवळी पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. झुडूप मुळांच्या गड्ड्यासकट भिंतीपासून तीन फूट पुढे हलवले, आळ्यात पालापाचोळ्याचे खत भरले आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) दिले, तेव्हा पुढची पालवी हिरवी आली.

तगरीबद्दल एकच प्रसंग सांगतो. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या फांद्यांची टोके एका आठवड्यात बोडकी झाली आणि खाली मिऱ्याच्या दाण्यांसारखी काळी विष्ठा दिसू लागली. पाने उलटून पाहिली तेव्हा बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली, तिच्या डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके होते. कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या मोठ्या हिरव्या पतंगाची ती अळी होती. मी औषध फवारले नाही. महिन्याभरात तगर पुन्हा पानांनी भरली आणि तिची पांढरी फुले सावलीच्या टोकालाही येत राहिली. क्रोटनला तीच सावली मानवली नाही. त्याची नवी पाने नुसती हिरवी येऊ लागली, म्हणून त्याला उन्हात हलवावे लागले.

हिवाळ्याची पोकळी भरून काढण्याचे श्रेय दोन झुडपांना जाते. दुसऱ्या पावसाळ्यात आठवे झुडूप म्हणून लावलेली जांभळी कोरांटी ऑक्टोबरपासून फुलत आहे आणि तिने माझ्याकडून काहीही मागितले नाही. पॉइन्सेटियाने मात्र मला पूर्ण एक वर्ष वाट पाहायला लावली. त्याची लाल ‘फुले’ ही खरे तर फुलांभोवतीची रंगीत पाने असतात आणि ती रंगण्यासाठी कित्येक आठवडे रोज बारा तासांहून मोठी, अखंड अंधारी रात्र लागते. माझे झुडूप फाटकाजवळच्या दिव्याखाली होते, त्यामुळे पहिला हिवाळा ते हिरवेच राहिले. यंदा सप्टेंबरच्या अखेरीपासून तो दिवा रात्री बंद ठेवला आणि आज, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, फाटक उघडताच सर्वांत आधी तेच दिसते.

वहीत आता मार्च आणि एप्रिल हे दोनच महिने रिकामे आहेत. त्या उन्हात कण्हेर उत्तम फुलली असती, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि शेजारची लहान मुले याच पट्ट्यालगत खेळतात. दुरंत्याच्या फळांवर लक्ष ठेवावे लागते तेवढे पुरे आहे. म्हणून त्या जागी मी नारिंगी नळीदार फुलांचा हॅमेलिया लावायचे ठरवले आहे. तो ऊन सोसतो आणि त्याच्या मधासाठी शिंजीर पक्षी येतात. त्याचा दीड फुटी खड्डा कालच खणून तापायला ठेवला आहे.