कॉपर रिव्हेट म्हणून लोखंड विकलं आणि टूल पण नकली – लेदरचं काम करणाऱ्यांनी नक्की वाचा

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, घरूनच लेदरचे बेल्ट, बॅगांचे पट्टे, कुत्र्यांचे लीश बनवते. हे लिहायचं कारण म्हणजे ज्या माणसाने मला फसवलं तो अजून विकतोय आणि नवीन शिकणारी पोरं त्याच्याचकडून रिव्हेट आणि टूलचे किट मागवतायत.

जाडजूड पट्ट्याला मी कॉपरचे भरीव रिव्हेटच (चामड्याचे थर जोडायच्या धातूच्या मेखा) वापरते, ते दाबून बसवायचे कॅपवाले पोकळ रिव्हेट नाही, कारण ओढ आली की ते निसटतात. भरीव रिव्हेटचं काम असं की पुढून दांडा घालायचा, मागून वॉशर चढवायचं, सेटरच्या (भोक आणि खळगा असलेलं ठोकायचं लोखंडी टूल) भोकाने ठोकून वॉशर चामड्याला घट्ट बसवायचं, जास्तीचा दांडा निपरने (कापायच्या पकडीने) कापायचा, दीडेक मिलिमीटर ठेवायचा आणि मग बॉलपीन (एका बाजूला गोल डोकं असलेल्या) हातोडीने हलक्या हाताने गोल गोल ठोकत त्याचं डोकं पसरवायचं, शेवटी सेटरच्या खळग्याने गोल करायचं. तांबं मऊ असतं म्हणून हे सगळं हाताने होतं, आणि एकदा बसलं की लेदर फाटेल पण रिव्हेट निघणार नाही.

ह्या माणसाने आधी सँपल पाठवलं. नऊ नंबरचे (नंबर म्हणजे दांड्याच्या जाडीचं माप) थोडे रिव्हेट, वॉशर आणि एक सेटर. अगदी अस्सल माल. कापला तरी आतून लाल, वॉशर दांड्यावर घट्ट जाणारं, सेटर वजनदार, भोक नीट खरादलेलं. म्हणाला, "ताई, बघा वापरून, मग ऑर्डर द्या, घाई नाही." ठोकून बघितलं, मस्त बसले, म्हणून मोठी ऑर्डर दिली, सोबत नऊ आणि बारा नंबरचे दोन सेटर, एक निपर. सगळं मिळून साडेसहा हजार, यूपीआयने आधी.

आलेला पार्सल बघून वरवर काहीच कळत नव्हतं, तोच रंग, तीच चमक, तसलीच पाकिटं. पण पहिलाच रिव्हेट ठोकताना दांडा पसरायलाच तयार नाही, वाकडा झाला आणि कडेला वरचा लाल थर सोलून आतून पांढरट धातू दिसला. निपरच्या धारेला पहिल्याच कापात खाच पडली. सेटरच्या भोकाचं तोंड ठोकल्या ठोकल्या फुगलं आणि एक टवका उडाला. मग फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं तर रिव्हेट टपकन चिकटले आणि सेटर अजिबात चिकटला नाही! म्हणजे जे चिकटायला नको ते चिकटतंय आणि जे चिकटायला हवं ते नाही. रिव्हेट लोखंडाचे, वर तांब्याचा मुलामा. सेटर झिंकचा ओतीव, वर क्रोम.

मला सगळ्यात जास्त राग पैशाचा नाही. हेच रिव्हेट दुसऱ्या एका मुलीने त्याच माणसाकडून घेऊन लीशला लावले होते, आणि उपवन तलावाजवळ गिऱ्हाईकाच्या लॅब्राडोरने जोर लावल्यावर लीश सुटला. कुत्रा सापडला, पण समोरून गाडी आली असती तर? शिवाय पावसाळ्यात लोखंड गंजतं ते वेगळंच, आणि व्हेज टॅन (झाडांच्या सालीसारख्या गोष्टींनी कमावलेल्या) लेदरमधलं टॅनिन लोखंडाशी ओलाव्यात मिळालं की रिव्हेटभोवती काळा डाग पडतो, तो घासून जात नाही. तांबं हिरवं पडेल पण ते पुसता येतं.

तक्रार केली तर आधी "मॅडम, तुम्हाला ठोकता येत नाही" आणि मग दोन दिवस गोड बोलून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल म्हणे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, तो कोड मी स्कॅन केला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे तिथेही. विकणारा दुसऱ्या राज्यातला असला तरी आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्याने, आणि मालासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

आता घेताना काय बघायचं ते. सँपलवर विश्वास ठेवू नका, आलेल्या प्रत्येक पाकिटातला एकेक रिव्हेट काढून चुंबक लावा. चुंबक पितळेला आणि ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, म्हणून नंतर एक दांडा मधोमध कापा आणि कानस मारून बघा, आरपार लाल पाहिजे. सेटरवर कोपऱ्यात कानस मारा, झिंकला ती खडूसारखी खाते. नऊ नंबरचा दांडा साधारण पावणेचार मिलिमीटर असतो, सेटरचं भोक त्याहून जेमतेम मोठं हवं, फार ढिलं असेल तर वॉशर बशीसारखं वाकतं. आणि खरं सांगू, किटची गरजच नाही. बॉलपीन हातोडी, चांगला निपर आणि सपाट लोखंडी ठोकळा वेगवेगळे घ्या, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हातात धरून, चुंबक लावून घेता येतात, ठाण्याहून लोकलने मशीद बंदरला उतरा. वॉशर दाबायला एखाद्या खरादवाल्याकडून लोखंडी दांड्याला योग्य मापाचं भोक पाडून घेतलं तरी चालतं, माझा आता तसाच आहे.

तो माणूस दर वेळी नाव आणि नंबर बदलतो पण फोटो तेच असतात, लाकडी टेबल, बाजूला लाल व्हाइस आणि रिव्हेटची ढीगभर रास. तुम्हाला ते दिसले तर पैसे पाठवायच्या आधी त्याच राशीतल्या रिव्हेटला चुंबक लावून दाखव म्हणा, व्हिडिओ कॉलवर.