विहिरीत सोडायचा साउंडर: गावाने घ्यावा का?

विहिरीतलं पाणी किती खोलवर आहे ते मोजणारं हे यंत्र अगदी साधं. रिळावर सेंटिमीटरच्या खुणांची टेप, टोकाला स्टीलचा प्रोब, रिळात 9 व्होल्टची बॅटरी. प्रोब पाण्याला टेकला की सर्किट पुरं होतं, दिवा लागतो, बझर वाजतो. वाजलं की टेप हळूच वर घ्यायची, आवाज थांबला की पुन्हा बोटभर खाली. जिथे परत वाजेल तो आकडा धरायचा. उघड्या विहिरीवर दोन मापं सेंटिमीटरभरात जुळतात. पैकीच्या पैकी गुण.

बोअरवर मात्र हेच यंत्र रडवतं. वरच्या झऱ्याचं पाणी भिंतीवरून ओघळत असतं. प्रोब त्याला घासला की 18 मीटरवरच बझर, खरं पाणी 40 मीटरवर. ओघळाला आवाज तुटक येतो, पाण्यात बुडाला की सलग. दुसरी कटकट म्हणजे टेप मोटारीच्या केबलला पीळ घालते. ओढाताण केली तर प्रोब तुटून आतच राहतो. मोटार उतरवतानाच कॉलम पाइपला (मोटारीचं पाणी वर आणणाऱ्या पाइपला) बांधून एक इंची, खाली भोकं पाडलेली पीव्हीसी नळी सोडा आणि टेप तिच्यातूनच सोडा.

खरा घोळ माणसांचा. एकजण कठड्यावरून मोजतो, दुसरा जमिनीपासून. कठड्यावर लाल रंगाची खूण हवी, कठड्याची उंची वजा व्हायला हवी, आणि माप सकाळी, मोटार सुरू होण्याआधी. काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच थोडी. ती 2 टक्के धरली तरी 100 हेक्टरवर 1 मीटर पातळी म्हणजे 2 कोटी लिटर. सगळ्या विहिरींवर 80 सेंटिमीटरचा कठडा वजा करायचा राहिला, तर कागदावर 1 कोटी 60 लाख लिटर गायब! हिवरे बाजार गावासारखी पाण्याच्या ताळेबंदावर पिकं ठरवायची, तर पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबरचा आकडा ग्रामसभेत भांडूनही टिकला पाहिजे. तारीख, वेळ, खूण फळ्यावर लिहा. ज्याची विहीर, त्याच्यासमोर मोजा.

पातळी आपोआप नोंदवून मोबाइलवर आकडा धाडणारे लॉगर एकदोन विहिरींना ठीक, पण त्यांचाही ताळा साउंडरनेच घ्यावा लागतो.

घेताना प्रोब एक इंची नळीतून जातो का, ते दुकानातच बघा. आणि मेच्या मापानंतर बॅटरी काढून ठेवा. पावसाळाभर आत राहिली तर टोकं गंजतात नि ऑक्टोबरला यंत्र मुकं.