टीव्हीवरची गोल्फची शिकवणी: सरळ शॉट पुष्कळ, डिव्हट कुठे आहे?

गोल्फ शिकवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांतला एक ठरलेला प्रसंग. कोच सात नंबरची आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब) घेतो, "वजन पुढच्या पायावर आणा" म्हणतो आणि तीन चेंडू मारतो. तिन्ही सरळ. कॅमेरा चेंडूच्या मागे आभाळात जातो, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, उतरतो आणि विषय संपतो. घरी बघणाऱ्याचं दुखणं मात्र चेंडूच्या मागे आठ-दहा सेंटिमीटरवर असतं, जिथे त्याचा क्लब चेंडूआधी जमिनीत घुसतो. त्या जागेकडे कॅमेरा वळतच नाही. सल्ला चुकीचा नसतो. वजन पुढे आलं की नाही हे ओळखायचं कशावरून, एवढंच सांगायचं राहून जातं.

ओळखायची खूण अगदी साधी आहे. गवतावर चुन्याची किंवा रंगाची एक रेघ मारायची, ती दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि चेंडू न ठेवता दहा स्विंग करायचे. क्लबने गवतात उकरलेला खड्डा, म्हणजे डिव्हट, रेघेवर किंवा रेघेच्या पुढे सुरू झाला तर ठीक. मागे सुरू झाला तर स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू मागे पडतोय, मग चेंडू कितीही चांगला ठेवा. दहापैकी सात डिव्हट पुढे पडेपर्यंत चेंडू आणायचाच नाही. हे दाखवायला टीव्हीला दोन मिनिटं पुरतील. स्टुडिओतल्या कृत्रिम गवताच्या मॅटवर मात्र ते दाखवता येत नाही. मॅटवर मागे आपटलेला क्लब घसरत पुढे जातो, चेंडूला बऱ्यापैकी लागतो आणि चूक लपून जाते. म्हणून आयर्नचा धडा मॅटवर चित्रित केलेला दिसला की त्यातला निम्मा भाग वजा धरावा.

हा प्रकार जुना आहे. 1931 मध्ये बॉबी जोन्सने चित्रपटगृहांसाठी बारा छोटे शिकवणीपट केले, तेव्हापासून पडद्यावर गोल्फ शिकवलं जातंय. 17 जानेवारी 1995 ला अमेरिकेत गोल्फ चॅनल सुरू झालं आणि चोवीस तास भरायचे म्हटल्यावर शिकवणीचे नाना अवतार निघाले. ढोबळ मानाने चार घराणी: कोचने कॅमेऱ्याकडे बघून दिलेला धडा, कोर्सवर व्यावसायिक खेळाडूसोबत चालत घेतलेला धडा, एकच शिष्य घेऊन चालवलेली मालिका आणि स्पर्धा.

स्पर्धेचं घराणं लवकर आटोपतं. 2003 मध्ये सुरू झालेल्या 'बिग ब्रेक'मध्ये चेंडू मारून काच फोडायची, ते बघायला झकास. दडपणाखाली स्विंग कसा आखडतो हे दिसायचं, पण का आखडतो आणि त्यावर काय करायचं, याला तिथे वेळ नसायचा. शिकवणी म्हणून गुण देण्यात अर्थ नाही.

मालिकेच्या घराण्यात 2009 चा 'हेनी प्रोजेक्ट' अजूनही उजवा वाटतो. कोच हँक हेनी, शिष्य बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली. बार्कलीचा स्विंग खाली येताना मध्येच अडकायचा, जणू कोणी हात धरून ठेवलाय. त्या मालिकेचा मोठा गुण म्हणजे हे अडकणं जादूने गेलं नाही. भागांमागून भाग गेले, सरावात सुटणारा हात कोर्सवर पुन्हा आखडला आणि मालिका संपली तरी दुखणं पुरतं गेलं नव्हतं. साधा खेळाडू असाच शिकतो. उणीव एवढीच की नामवंत शिष्याकडे कोचचा जेवढा वेळ असतो, तेवढा कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि त्याचं दुखणंही लाखात एक होतं. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं स्लाइस असतं, म्हणजे उजव्या हाताने मारलेला चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणं.

स्लाइसवर टीव्हीने सर्वाधिक तास खर्च केले असतील आणि सर्वाधिक घोळही तिथेच घातलाय. (यापुढची डावी-उजवी दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी.) चेंडू स्विंगच्या दिशेने सुटतो आणि क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारा सपाट भाग) बघत असेल तिकडे वळतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. रडारने मोजमाप होऊ लागल्यावर गोष्ट उलटी निघाली. चेंडू सुटण्याची दिशा मुख्यतः चेहरा ठरवतो, ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायचा क्लब) सुमारे 85 टक्के आणि आयर्नला सुमारे 75 टक्के. वळण ठरतं चेहरा आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर.

आकडे घेऊन बघू. स्विंगचा मार्ग लक्ष्याच्या 6 अंश डावीकडे, चेहरा 2 अंश डावीकडे. चेंडू थोडा डावीकडे सुटतो आणि उजवीकडे वळतो, कारण मार्गाच्या तुलनेत चेहरा 4 अंश उघडा (उजवीकडे वळलेला) आहे. कार्यक्रमातला कोच म्हणतो, "बाहेरून आत येताय, आतून या." शिष्य कष्टाने मार्ग सरळ करतो, हातांची सवय मात्र तीच. आता मार्ग शून्य आणि चेहरा 4 अंश उजवीकडे. चेंडू उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे जातो. आगीतून फुफाट्यात! दोन दिवसांत शिष्य जुन्या स्विंगवर परततो आणि खापर स्वतःच्या खांद्यांवर फोडतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा, आणि तो क्रम सांगणारा भाग विरळा. आधी ग्रिप, म्हणजे क्लब पकडायची पद्धत: खाली बघितल्यावर डाव्या हाताची दोन-तीन बोटांची पेरं दिसली पाहिजेत, एकच दिसत असेल तर चेहरा उघडाच येणार. मग अर्ध्या स्विंगने चेंडू डावीकडे वळवता येतो का ते बघायचं. तो वळू लागला, थोडा जास्तच वळला तरी चालेल, की मगच मार्गाला हात घालायचा. आणि या सगळ्याच्या आधी, चेंडू ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर लागतो कुठे? ड्रायव्हरच्या हीलला, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, लागलेला चेंडू स्विंग ठीक असला तरी उजवीकडे वळतो आणि पुढच्या टोकाला, म्हणजे 'टो'ला, लागलेला डावीकडे. पायाला मारायचा पावडरचा स्प्रे चेहऱ्यावर हलकासा मारला की ठसा उमटतो. पाच चेंडू, पाच ठसे. हे न बघता मार्ग सुधारायला निघणं म्हणजे ताप न मोजताच औषध देणं.

कॅमेऱ्याची बाजू आता, कारण कार्यक्रम बघून घरोघरी फोन उभे केले जातात. हौशी खेळाडूचा ड्रायव्हर चेंडूपाशी ताशी 150 किलोमीटरच्या आसपास येतो असं धरू, म्हणजे सेकंदाला जवळपास 42 मीटर. सेकंदाला 25 फ्रेमच्या साध्या चित्रणात दोन फ्रेमच्या मध्ये क्लबचं डोकं 1.7 मीटर पुढे गेलेलं असतं. 240 फ्रेमला 17 सेंटिमीटर, 1000 फ्रेमला 4. प्रत्यक्ष स्पर्श टिकतो सुमारे अर्धा मिलिसेकंद. तेव्हा फोनवरचं चित्र थांबवून "इथे चेहरा उघडा आहे बघा" असं कोणी म्हणालं तर तो स्पर्शाचा क्षण नसतो, आधीचा किंवा नंतरचा असतो. फोनमध्ये शाफ्ट केळीसारखी वाकलेली दिसते, तीही प्रत्यक्षात तेवढी वाकलेली नसते. सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, तेवढ्यात शाफ्ट पुढे सरकते. स्पर्शाची माहिती डिव्हट, चेहऱ्यावरचा ठसा आणि चेंडूचं उड्डाण यांतून घ्यावी. फोन घ्यावा तो उभं राहणं, क्लब मागे नेणं आणि वरची स्थिती बघायला.

तेही फोन जागेवर असेल तरच. मागून घेताना कॅमेरा हातांच्या उंचीवर, हातांच्या रेषेत आणि लक्ष्याच्या रेषेला समांतर. समोरून घेताना छातीच्या बरोबर समोर, कमरेच्या उंचीवर. अर्धा मीटर सरकला तरी तोच स्विंग एकदा आतून आणि एकदा बाहेरून आल्यासारखा दिसतो. पडद्यावर पिवळ्या-लाल रेषा ओढणाऱ्या कार्यक्रमांनी कॅमेरा कुठे होता हे एकदा तरी दाखवावं. नाहीतर त्या रेषा नुसती रांगोळी.

कॅमेऱ्याकडे बघून दिलेल्या धड्यांत मार्टिन हॉलचं 'स्कूल ऑफ गोल्फ' चांगलं, कारण तो हाताशी येईल त्या वस्तूने मुद्दा डोळ्यांपुढे उभा करतो. "मनगट असं ठेवा" यापेक्षा "ही काठी अमुक दिशेला फेका" हे साध्या खेळाडूला लवकर साधतं. लक्ष शरीराच्या अवयवाऐवजी क्लबवर किंवा लक्ष्यावर ठेवलं तर गोल्फचे शॉट जास्त अचूक बसतात, असं संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांतूनही दिसलंय. या घराण्याचा दोष वेगळा. औषध दिलं जातं, पथ्य सांगितलं जात नाही. ग्रिपवर हात उजवीकडे वळवायचा सल्ला स्लाइसवाल्याला अमृत आणि हुकवाल्याला, म्हणजे ज्याचा चेंडू डावीकडे वळतो त्याला, विष. दोघेही तोच भाग बघतात. "तुमचा चेंडू आधीच डावीकडे वळत असेल तर हे करू नका", एवढी एक पट्टी पडद्याच्या तळाशी चालवायला काय हरकत आहे?

बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, भागांत वाळू नेहमी मऊ, कोरडी, नुकती ओढलेली. तिथली रीत सर्वांना पाठ आहे: आधी चेहरा उघडायचा, मग ग्रिप धरायची (उलट केलं की स्विंगमध्ये चेहरा परत मिटतो), चेंडूच्या मागे सुमारे 5 सेंटिमीटरवर वाळूत शिरायचं आणि थांबायचं नाही. ओल्या, घट्ट वाळूत मात्र हीच रीत फसते. उघड्या चेहऱ्याचा फुगीर तळ वाळूवर आपटून उडतो आणि क्लबची धार चेंडूच्या पोटात बसते. तिथे चेहरा कमी उघडायचा. हा फरक दाखवणारा भाग क्वचितच दिसतो.

पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलण्यात, टीव्ही नकळत मोठा गैरसमज पसरवतो. दिसतात ते गेलेले पट. प्रत्यक्षात 8 फुटांवरून, म्हणजे 2.4 मीटरवरून, पीजीए टूरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांचे) खेळाडूही निम्मेच घालतात. होलचा व्यास 108 मिलिमीटर. 3 मीटरवरून चेहरा एका अंशाने चुकला तर चेंडू मध्यापासून 5 सेंटिमीटर हुकतो, म्हणजे जेमतेम काठावर. दहा मीटरवर दिशेचा ध्यास धरून उपयोग नाही, वेग साधला पाहिजे. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांच्या मोजणीनुसार खेळाडूंच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडच्या शॉटमधून येतो. तरीही "सगळा खेळ ग्रीनवर" हे पालुपद सुटत नाही.

कोर्सवर चालत दिलेला धडा, म्हणजे 'प्लेइंग लेसन्स'सारखं घराणं, माझ्या मते सर्वांत उपयोगी. चेंडू रफमध्ये (उंच गवतात) किती खोल बसलाय, पायांपेक्षा वर आहे का (असेल तर डावीकडे जाणार), झेंड्याऐवजी ग्रीनच्या मध्यावर का मारायचं, हे तिथे ऐकायला मिळतं. पण नेम धरतो तो टूरचा खेळाडू. 24 हँडिकॅपवाल्याचे (हँडिकॅप जितका मोठा, तितका खेळ कच्चा) शॉट त्याच्या कितीतरी पट पसरतात. पाणी उजवीकडे असेल तर त्याने किती डावीकडे बघायचं हे कोणी सांगत नाही.

मग हवं काय? एक शिष्य, हँडिकॅप 18 ते 28 मधला, नामवंत नको. दहा आठवडे. पहिल्या भागात तो 18 होल खेळेल, कोच तोंड उघडणार नाही, फक्त नोंद: क्लब, चेंडूची जागा, उरलेलं अंतर, कुठे गेला. त्यातून सर्वांत महागात पडलेल्या तीन चुका निवडायच्या, बाकीचा स्विंग कितीही ओबडधोबड असला तरी सोडून द्यायचा. दर भागात नवं काही शिकवण्याआधी मागच्या आठवड्याचं बिघडलेलं दाखवायचं, कारण बिघडणारच. सरावाचं चित्रणही खरं हवं: पाच चेंडू एकाच क्लबने, मग दहा चेंडू दर वेळी क्लब आणि लक्ष्य बदलून. पन्नास चेंडू एकाच जागी मारले की हात बसल्यासारखा वाटतो, पण कोर्सवर तोच शॉट लागोपाठ दुसऱ्यांदा येत नाही. नियमांना तीन मिनिटं पुरेत: हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात, ड्रॉप (चेंडू हातातून खाली सोडणं) गुडघ्याच्या उंचीवरून, पट करताना झेंडा होलमध्ये राहिला तरी चालतो.

आणखी एक गोष्ट, जी एकाही कार्यक्रमाने नेमाने केलेली दिसत नाही. उजव्या हाताने खेळणारा कोच कॅमेऱ्याकडे तोंड करून दाखवतो तेव्हा उजव्या हाताच्या प्रेक्षकाला सगळं मनात उलटं करावं लागतं. डावखुऱ्याला तो आरशासारखा सरळ दिसतो. फिल मिकलसन बाकी सगळी कामं उजव्या हाताने करतो, गोल्फ डाव्या हाताने. लहानपणी वडिलांच्या समोर उभा राहून तो त्यांचा स्विंग आरशासारखा उचलत गेला. समोरून दाखवलेला स्विंग पडद्यावर डावीकडून उजवीकडे उलटवला तर बाकीच्यांनाही ते जमेल. संकलनाच्या टेबलावर हे एका बटणाचं काम आहे.