क्रूझच्या आदल्या रात्री मुक्काम कुठे: फोर्ट की अंधेरी?

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझ बॅलार्ड पियरवरून सुटतात. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचणाऱ्यांपुढे मग दोन पर्याय असतात: फोर्ट-कुलाबा, नाहीतर विमानतळाजवळची अंधेरी.

अंधेरीत त्याच पैशांत खोली मोठी आणि नवी मिळते. रात्री उशिरा विमान उतरलं, तर दहा-पंधरा मिनिटांत अंग टाकता येतं. पण सकाळी बंदर गाठायला वीस-पंचवीस किलोमीटर कापायचे. मेट्रो ३ थेट सीएसएमटीला आणते हे खरं. पण दोन मोठ्या बॅगा, आई-बाबा आणि गर्दीची वेळ असेल, तर टॅक्सीच लागते. टॅक्सी म्हणजे ट्रॅफिक आलाच. जहाज कुणासाठी थांबत नाही.

फोर्टात खोल्या लहान, जुन्या इमारतींत कधीकधी लिफ्टही नसते. बुकिंगआधी फोन करून विचाराच. तरी मी फोर्टच निवडेन. बंदर दोन-तीन किलोमीटरवर, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते. काळा घोड्याला फिरा, वस्तुसंग्रहालय बघा. दुपारची वेळ असेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ पासूनच्या ब्रिटानियात बेरी पुलाव खाऊन मगच जहाजावर चढा. पुण्याहून डेक्कन क्वीननं येणाऱ्यांना तर सीएसएमटीहून टॅक्सीनं सगळं हाकेच्या अंतरावर.

परतीचं गणित वेगळं. जहाज सकाळी लागलं आणि विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं असेल, तर दिवसभर दक्षिण मुंबईत फिरून रात्री अंधेरी गाठा. पहाटे तीनला कुलाब्याहून निघण्यात काही सुख नाही.