कामावरच्या अपघाताची भरपाई : ईएसआयसी आणि डब्ल्यूसी क्लेम, दोन्हीचा रिव्ह्यू

प्रेस शॉपला (मशीनने पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे) काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचा. माझा मामेभाऊ आणि आमच्या शेजारचा एक मित्र, दोघांचंही पॉवर प्रेसवर अंगठ्याशेजारचं अख्खं बोट गेलं. काम सारखंच, जखम सारखीच, फरक एवढाच की मामेभावाला ईएसआयसी (सरकारी कामगार विमा योजना) लागू होतं आणि मित्राला नव्हतं. दोघांच्या कागदपत्रांसाठी मीच धावपळ केली, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. ईएसआयसीला ५ पैकी ४ स्टार. डब्ल्यूसी क्लेमला, म्हणजे ईएसआयसी नसलेल्याने मालकाकडून कायद्याने मागायच्या भरपाईला, दीड, तोही कायद्यात काही कलमं खरंच चांगली आहेत म्हणून.

आधी ईएसआयसी. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट वेळेत टाकला, उपचाराला खिशातून काही गेलं नाही, आणि हात बरा होईपर्यंत पगाराच्या ९०% रक्कम बँकेत येत राहिली. घरात दोन लहान पोरं, भाड्याची खोली, हे पैसे नसते तर काय झालं असतं माहीत नाही. नंतर मेडिकल बोर्डाने अपंगत्वाची टक्केवारी ठरवली आणि आता त्याला दरमहा पेन्शन चालू आहे, तीही आयुष्यभर. रक्कम मोठी नाही पण कोणाच्या पाया पडावं लागत नाही. एक स्टार कापला कारण पगाराची लिमिट २१,००० रुपये आहे आणि ती २०१७ पासून हललेलीच नाही.

मित्राचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तो चांगला ऑपरेटर, इन्क्रिमेंट मिळून पगार २४,००० झाला, ईएसआयसीच्या वर्गणीचा चालू सहा महिन्यांचा पिरियड संपला आणि तो ईएसआयसीतून बाहेर. बाहेर गेल्यावर तेव्हा लागू कोणता कायदा होता, तर १९२३ चा. लोक अजून वर्कमन कॉम्पेन्सेशन म्हणून डब्ल्यूसीच म्हणतात, नाव २०१० पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन झालंय. आणि या कायद्यात हिशोबाला धरायचा पगार जास्तीत जास्त १५,०००! म्हणजे पगार जास्त म्हणून ईएसआयसी नाही, आणि भरपाई मोजताना मात्र तोच माणूस १५ हजारवाला. ही लिमिट २०१० ला ८,००० केली, मग थेट २०२० ला १५,०००, मधली दहा वर्षं महागाई वाढतच होती ना?

आकडेच बघा. अपघाताच्या वेळी मित्राचं वय ३० पूर्ण, त्या वयाला कायद्यात ठरलेला गुणाकाराचा आकडा, म्हणजे फॅक्टर, २०७.९८. पगाराच्या ६०% गुणिले फॅक्टर, आणि त्या बोटाला कायद्याच्या तक्त्यात (शेड्यूलमध्ये) १४%. १५,००० धरून येतात साधारण २ लाख ६२ हजार. खरा पगार धरला असता तर ४ लाख १९ हजार. दीड लाखाच्या वर फरक, फक्त एका लिमिटमुळे. आणि हात बरा होईपर्यंत किती, तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५%, तेही १५ हजारावर, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. २४ हजारात चालणारं घर साडेसात हजारात कसं चालवायचं हे मला कोणीतरी सांगा.

आता मालकाचं. नाव लिहीत नाही, पण मशीनच्या दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक टेपने कायमचं दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय, प्रॉडक्शन वाढावं म्हणून. अपघातानंतर हॉस्पिटलचं बिल त्याने भरलं आणि म्हणाला हीच तुझी भरपाई, आता या स्टॅम्प पेपरवर सही कर की माझी काही तक्रार नाही. मित्र सही करायला निघाला होता, घाबरलेला होता बिचारा, नोकरी जाईल म्हणून. पण उपचाराचा खर्च भरपाईत धरता येत नाही, कायद्यातच लिहिलंय, आणि हक्क सोडला असं लिहून घेतलं तरी त्या १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो करार रद्दच. कोणालाही असा कागद पुढे केला तर हे आठवा.

मग क्लेम टाकला. तो कायदा म्हणायचा की कमिशनरने (असे क्लेम ऐकणारा सरकारी अधिकारी) तीन महिन्यांत निकाल द्यावा, प्रत्यक्षात तारखा पडत राहिल्या. मालकाच्या इन्शुरन्स कंपनीवाले म्हणे पगाराच्या स्लिपा खऱ्या कशावरून. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२% व्याज आणि ५०% पर्यंत दंड लागू शकतो, आणि तो दंड इन्शुरन्स कंपनी नाही तर मालक भरतो. वकिलांनी हे नीट मांडल्यावर समोरचे एकदम मवाळ झाले. पैसे मिळाले शेवटी. पण तोपर्यंत वहिनीचे दागिने गहाण गेले होते.

१९७५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कोर्टाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ही पूर्ण अपंगत्वाची केस. म्हणजे नुसता टक्क्यांचा तक्ता नाही, माणूस आपलं काम करू शकतो का ते बघायचं. हे इतकं सरळ आहे तरी प्रत्येक केसमध्ये नव्याने भांडावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये, दोन्ही कायदे त्यात आले. घर ते कंपनी प्रवासातला अपघातही आता या भरपाईत धरतात, नाइट शिफ्टवाल्यांसाठी हे फार मोठं काम झालं. पण खरा पगार धरा, ईएसआयसीची लिमिट वाढवा आणि बरं होईपर्यंतचे २५% वाढवा, या तीन गोष्टी झाल्याशिवाय मी स्टार वाढवणार नाही. लिमिट तर सरकार नोटिफिकेशन काढून बदलू शकतं, २०२० ला तसंच केलं होतं.

आणि ज्यांचा अपघात जुन्या कायद्याच्या काळातला आहे त्यांनी लक्षात ठेवा, क्लेमला मुदत २ वर्षं. पगाराच्या स्लिपा, हजेरीचा फोटो, हॉस्पिटलचं पहिलं केसपेपर, सगळं जपून ठेवा आणि केसपेपरवर "कामावर मशीनमध्ये दुखापत" असं लिहून घ्या, "घरी पडला" असं कोणी लिहायला लावलं तर ऐकू नका.