नियमग्रंथांऐवजी १६ पानांची पुस्तिका: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून पात्रे साकारत आणि फासे टाकत खेळायच्या कथा-खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील, प्रत्यक्ष खेळताना लागणारे नियम आमच्या ठाण्यातील गटाच्या एका सदस्याने ए-फाइव्ह आकाराच्या १६ पानांत मराठीत उतरवले. गेले काही महिने आमचा आठवड्याचा खेळ त्याच पुस्तिकेवर चालू आहे. मी या गटात गेम मास्टरचे काम करते, म्हणजे कथा चालवते आणि निवाडा देते, त्यामुळे नियमाबद्दलचा प्रत्येक वाद अखेर माझ्यापुढे येतो आणि त्याचा निकाल त्याच क्षणी द्यावा लागतो. पुस्तिकेची पारख मी याच कसोटीवर केली आहे: प्रश्न विचारला गेल्यापासून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, आणि दिलेले उत्तर मूळ नियमाशी जुळते का.

वेळेचा प्रश्न आमच्यासाठी खरोखरच मोठा आहे. सोसायटीचा हॉल आम्हाला रविवारी संध्याकाळी ठरावीक वेळेपुरता मिळतो, ऐरोली आणि नेरूळहून येणाऱ्यांना ट्रान्स हार्बरची गाडी गाठायची असते आणि घोडबंदर रस्त्यावरून येणारे वाहतुकीमुळे बहुतेक वेळा उशिराच पोहोचतात. पाचव्या आवृत्तीची २०१४ मधील तीन मुख्य पुस्तके मिळून जवळपास हजार पाने भरतात. एखाद्या झटापटीच्या मध्यावर एकाने पुस्तक उघडले, दुसऱ्याने फोनवर शोध सुरू केला आणि तिसऱ्याने आठवणीतले उत्तर ठामपणे सांगितले, की प्रसंगाचा ताण विरतो आणि उरलेले सर्वजण आपापल्या फोनकडे वळतात. तो ताण पुन्हा उभा करणे नियम शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

नियम आटोपशीर करण्याची धडपड या खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आला, पण तो नवख्यांना समजणे कठीण होते. म्हणून १९७७ मध्ये जॉन एरिक होम्स यांनी पहिल्या तीन लेव्हलपुरते (पात्राच्या प्रगतीच्या पायऱ्यांपुरते) नियम ४८ पानांत मांडले, आणि १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी तेच काम ६४ पानांत नव्याने केले. पुढे एका पानात मावणारे खेळही आले. जॉन हार्पर यांचा २०१३ मधील ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ त्यांतला सर्वांत परिचित म्हणता येईल. मात्र हार्पर यांच्यासारख्यांनी मुळात छोटा खेळच रचला, तर २०१९ मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांनी ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’मध्ये १९८१ चे नियम जवळपास तसेच ठेवून केवळ त्यांची मांडणी बदलली आणि एक विषय शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत बसवला. आमची पुस्तिका या दुसऱ्या वाटेने जाते. तिने एकही नियम बदललेला नाही, आणि तिचे मूल्यमापन करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण ज्यांना पाचवी आवृत्तीच जड वाटते त्यांचा भार ती हलका करू शकत नाही.

तिचा आधार आहे ‘सिस्टिम्स रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’, म्हणजेच एसआरडी, पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा निवडक मजकूर. सुमारे ४०० पानांचा हा मजकूर जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी-बाय ४.०’ परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे योग्य श्रेय देऊन त्याचे भाषांतर करणे, तो संक्षिप्त करणे आणि वाटणे हे सर्व करता येते. श्रेयाची ओळ पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे आणि झेरॉक्स काढताना ते पान कोणी गाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एसआरडीमध्ये मूळ पुस्तकांतील सर्व काही नाही: बारा क्लास (पात्रांचे प्रकार) आहेत, पण प्रत्येकाचा एकच उपप्रकार आहे, आणि फीट (पात्राला घेता येणारे खास कौशल्य) म्हणाल तर एकच. परंतु झटापट, हालचाल, विश्रांती, लपणे, जखमा हा टेबलावर रोज लागणारा भाग त्यात आहे आणि पुस्तिकेला तेवढाच हवा होता.

पुस्तिकेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे विखुरलेले नियम तिने एकत्र आणले आहेत. लपण्याचे उदाहरण घ्या. मूळ मजकुरात लपण्यासाठीची चाचणी (फासा टाकून यश ठरवणे) क्षमतांच्या प्रकरणात येते, अंधार आणि अंधुक उजेड यांचे परिणाम प्रवासाच्या प्रकरणात येतात आणि न दिसणाऱ्या हल्लेखोराला मिळणारा ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणे) झटापटीच्या प्रकरणात येतो. तिन्ही जागा पाहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. पुस्तिकेत या सर्वांसाठी मिळून अर्धे पान आहे आणि क्रम खेळाडूच्या मनातल्या प्रश्नांचा आहे: लपता येईल का, कशाने, मग कोणाला दिसेन, आणि हल्ला केल्यावर काय होईल. आमच्या गटातील ‘रोग’ (Rogue, लपूनछपून काम करणारा क्लास) खेळणारा सदस्य पूर्वी प्रत्येक टर्नला मला विचारायचा. आता तो पानावर बोट ठेवून सांगतो आणि मी मान हलवते.

दुसरा गुण म्हणजे आकडेमोड आधीच करून ठेवणे. कन्सन्ट्रेशन (एखादा स्पेल, म्हणजे मंत्र, टिकवून धरणे) चालू असताना नुकसान झाले, तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाच्या जोरावर परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) करावा लागतो आणि त्याची किमान मर्यादा १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मी, यांपैकी जी जास्त असेल ती असते. वाक्य अवघड नाही, पण दमलेल्या माणसाला ते दरवेळी नव्याने सोडवावे लागते. पुस्तिका म्हणते: ‘२१ पर्यंतच्या नुकसानाला १०, त्यापुढे निम्मे, अपूर्णांक सोडून. प्रत्येक घावासाठी वेगळा सेव्ह.’ आकडा बदललेला नाही, नियम बदललेला नाही, आणि तरीही बहुतेक वेळा भागाकार करावाच लागत नाही. संक्षेप म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी ही ओळ दाखवीन.

आता ज्या ठिकाणी काटकसर महागात पडते त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या पुस्तिकेआधी आम्ही इंटरनेटवरून घेतलेला एक पानी तक्ता वापरत होतो आणि त्याच्यामुळे आमचे बरेच खेळ चुकीच्या नियमांवर झाले. त्या तक्त्यात जमिनीवर पडलेल्या शत्रूबद्दल एवढेच लिहिले होते, की त्याच्यावरील हल्ल्याला ॲडव्हान्टेज मिळतो. मूळ नियम सांगतो, की हल्लेखोर ५ फुटांच्या आत असेल तर ॲडव्हान्टेज, अन्यथा डिसॲडव्हान्टेज. गाळलेल्या अर्ध्या वाक्याने नियम उलटा झाला आणि दूर उभे राहून बाण मारणाऱ्यांना, ज्यांना दोन फाशांपैकी लहान आकडा घ्यायला हवा होता, त्यांना मोठा आकडा मिळत राहिला. शत्रूला आधी पाडायचे आणि मग सर्वांनी बाण सोडायचे, ही आमच्या गटाची आवडती युक्तीच होऊन बसली होती. स्पष्टीकरण गाळावे, शोभेची भाषा गाळावी, पण ‘जर’, ‘अन्यथा’ आणि ‘वगळून’ या शब्दांनी सुरू होणारा भाग कधीही गाळू नये, असे माझे पक्के मत त्या तक्त्याने बनवले. नव्या पुस्तिकेत अशी प्रत्येक अट ठळक अक्षरात आहे. प्रतिहल्ल्याच्या (शत्रू जवळून निघून जाताना करता येणाऱ्या हल्ल्याच्या) नियमातही ती दिसते: शत्रू दिसत असला पाहिजे, तो स्वतःच्या हालचालीने पल्ल्याबाहेर गेला पाहिजे, आणि कोणी त्याला ढकलले किंवा तो टेलिपोर्ट झाला तर प्रतिहल्ला नाही.

थकव्याच्या पायऱ्यांचा तक्ताही तिने पूर्ण सहा ओळींत ठेवला आहे. तिसऱ्या पायरीपासून हल्ले आणि सेव्ह दोन्ही बिघडतात, चौथीला कमाल हिट पॉइंट (पात्राच्या जीवशक्तीचे गुण) निम्मे होतात, पाचवीला वेग शून्य आणि सहावीला मृत्यू; यात दोन ओळी वाचवण्याजोगे काही नाही.

स्पेल मात्र पुस्तिकेत मुद्दाम घेतलेले नाहीत आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. एसआरडीमध्ये ३०० हून अधिक स्पेल आहेत, आणि एका खेळाडूला एका वेळी त्यांतले मोजकेच लागतात. त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या स्पेलची पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डे स्वतः लिहावीत, असे ठरले. लिहिताना नियम डोक्यात बसतो, हा त्याचा लाभ आहेच. पण इथेही काय गाळावे याची जाण हवी. फायरबॉल या आगीच्या स्पेलच्या पहिल्या कार्डावर अंतर १५० फूट, त्रिज्या २० फूट, सहा बाजूंचे आठ फासे आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह यशस्वी झाल्यास निम्मे नुकसान, एवढेच होते. आगीचा लोळ कोपऱ्याआडही पोहोचतो आणि कोणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात, हा शेवटचा भाग त्यात नव्हता. झटापटीच्या हिशेबाला तो लागत नाही हे खरे, पण कापसाच्या गोदामात उभे असताना कथा पुढे नेणारा भाग नेमका तोच असतो. आता आमच्या प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला ‘आजूबाजूला काय होते’ अशी एक ओळ राखून ठेवलेली आहे.

छपाईबद्दल थोडक्यात. ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून, मधून दुमडून स्टेपल केले की १६ पाने होतात. गोखले रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात हे काम बसल्या जागी होते. नेहमीच्या पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई दिसते आणि पावसाळ्यात पाने वाकतात, त्यामुळे १०० जीएसएमचा कागद घ्यावा. लॅमिनेशन करून पाहिले, पण हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली ते चमकते आणि त्यावर पेन्सिलीने खूण करता येत नाही. अक्षरे ११ पॉइंटपेक्षा लहान करू नयेत आणि ओळींमध्ये मोकळी जागा ठेवावी, कारण देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडले की वाचण्याचा वेग मंदावतो. एक पान वाचवण्यासाठी अक्षर बारीक करणे म्हणजे ज्या कारणासाठी संक्षेप केला तेच कारण सोडून देणे होय.

आता उणीव. जे आधीपासून खेळत आले आहेत त्यांना ही पुस्तिका उत्तम उपयोगी पडते, पण पहिल्यांदा टेबलाशी बसणाऱ्याला तिच्यातून खेळ कळत नाही. मधल्या काळात आमच्याकडे वाशीहून दोन महाविद्यालयीन मुली आल्या. दोघींनी पुस्तिका आदल्या दिवशी पूर्ण वाचली होती, अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन आणि रिअ‍ॅक्शन यांतला फरक त्या बिनचूक सांगत होत्या, आणि तरीही मी ‘तुम्ही काय करता?’ असे विचारल्यावर दोघी गप्प राहिल्या; नियमांच्या यादीत जे नाही ते करता येते का, हे त्यांना ठाऊक नव्हते. खिडकीचा पडदा ओढून रक्षकाच्या डोक्यावर टाकायचा असेल, तर गेम मास्टर योग्य चाचणी सुचवतो आणि तिची अवघडता ठरवतो, सोप्या कामाला १०, मध्यमला १५, कठीणला २०. हा या खेळाचा गाभा पुस्तिकेत एका तक्त्याच्या रूपाने आहे, संवादाच्या रूपाने नाही. मोल्डव्हे यांच्या ६४ पानांतही खेळाच्या संभाषणाचा नमुना देण्यास जागा होती, हे इथे आठवते. माझ्या मते १६ पैकी एक पूर्ण पान अशा नमुन्याला द्यायलाच हवे, आणि त्यासाठी वजन वाहण्याचे तपशीलवार नियम काढून टाकले तरी आमच्या टेबलावर कोणाचे अडणार नाही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२४ च्या सुधारित नियमांवर आधारलेला एसआरडी ५.२ हा मजकूर २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आला, आणि दोन्हींत नावे तीच असली तरी आशय अनेक ठिकाणी वेगळा आहे. पूर्वी कोणाला धरून ठेवायचे असेल तर दोघांच्या चाचण्यांची तुलना होत असे. आता ज्याला पकडायचे आहे तो सेव्ह करतो. थकव्याच्या सहा वेगवेगळ्या परिणामांऐवजी आता प्रत्येक पायरीला फाशातून २ वजा होतात आणि वेग ५ फुटांनी घटतो. बेसावध सापडणाऱ्याची पहिली टर्न आता जात नाही, त्याला इनिशिएटिव्हवर (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) डिसॲडव्हान्टेज मिळतो. फिरत असलेल्या बऱ्याच संक्षिप्त तक्त्यांवर ते कोणत्या मजकुरावरून केले हे लिहिलेले नसते, आणि दोन्हींची सरमिसळ झालेला तक्ता कोणत्याही पुस्तकाशी ताडून पाहता येत नाही. आमच्या पुस्तिकेत ‘५.१’ हा आकडा प्रत्येक पानाच्या तळाशी आहे. कोणी स्वतःसाठी अशी पुस्तिका करणार असेल, तर हे एक काम पहिल्या दिवशीच करावे.

ज्या गटात किमान दोघांना मूळ नियम ठाऊक आहेत आणि खेळायला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही, त्याने ही पद्धत जरूर अवलंबावी. पूर्णपणे नव्या गटाने आधी मूळ बेसिक नियम वाचावेत, चार-दोन वेळा अडखळत खेळावे आणि ज्या नियमाशी प्रत्यक्ष अडले तेवढेच टिपून आपली पुस्तिका करावी. आमच्याकडे पुढच्या छपाईत संभाषणाचे पान येणार आहे, आणि ५.२ साठी वेगळ्या रंगाच्या मुखपृष्ठाची स्वतंत्र पुस्तिका करायचे ठरले आहे. पहिल्या प्रतीत सुधारणा करून दोन्ही नियम एकत्र कोंबण्याचा प्रस्ताव मी नाकारला.